उरलेले नऊ भाग

ख्रिस्ती घरांत पैशाची गोष्ट निघाली की ती बहुतेक वेळा दशमांशापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. दहावा भाग एकूण उत्पन्नावर काढायचा की खर्च वजा जाता? मंडळीतच द्यायचा की अडलेल्या नातेवाइकाला दिला तरी चालतो? पगारातून कापल्या गेलेल्या पीएफचं काय? असे प्रश्न पाळकांना विचारले जातात आणि पाळक आपापल्या परीनं उत्तरं देतात. मग दहावा भाग पाकिटात जातो, पाकीट अर्पणाच्या थैलीत जातं आणि विषय मिटतो. उरलेल्या नऊ भागांबद्दल कुणी काही विचारत नाही. ते कसे कमावले, त्यांत कुणाची अडकवलेली मजुरी आहे का, कुणाला कोणत्या व्याजानं दिले, आपण गेल्यावर ते कुणाच्या नावे होणार, याबद्दल उपदेश क्वचितच ऐकू येतो. हे पुस्तक त्या नऊ भागांबद्दल आहे. दहावा भाग देवाचा आणि बाकीचे माझे, ही वाटणी बायबलात कुठंच नाही. तिथं दहाही भाग धन्याचे आहेत आणि माणूस कारभारी आहे. कारभाऱ्याला खर्च करायची मुभा असते, निर्णय घ्यायची मुभा असते. हिशोब न देण्याची मुभा मात्र नसते.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर होता तो सौसर-पांढुर्ण्याचा पट्टा, आणि त्यातही लोधीखेडा. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सावनेर जातं, केळवद मागे पडतं आणि मध्य प्रदेश सुरू होतो. राज्य बदलतं, माती, पीक आणि घरातली बोली तीच राहते. १९५६ साली नागपूर एका राज्यात गेलं आणि छिंदवाडा दुसऱ्यात राहिला, तेव्हापासून इथला माणूस घरात मराठी आणि कचेरीत हिंदी बोलत आला आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. या पट्ट्यात ख्रिस्ती घरं थोडी आहेत, विखुरलेली आहेत. कुणी शिक्षक, कुणी परिचारिका, कुणी कारखान्यात. पण शेती आणि शेतमजुरीशी ज्याचा काहीच संबंध नाही असं घर सापडणं कठीण. म्हणून संत्रं आणि कापूस बाजूला ठेवून इथं पैशाबद्दल काही बोलताच येत नाही.

ख्रिस्ती विश्वस्तपणावरची जी पुस्तकं आपल्याकडे अनुवादित होऊन येतात, ती महिन्याचा पगार धरून लिहिलेली असतात. दर महिन्याला अंदाजपत्रक करा, दर आठवड्याला पाकीट भरा, इतके टक्के बाजूला टाका. संत्र्याच्या बगीच्यात पैसा असा येत नाही. कलम लावल्यापासून पहिलं धड पीक हाती यायला पाच-सहा वर्षं जातात, आणि तोवर झाड फक्त खातं: पाणी, खत, फवारणी, निंदण. पीक सुरू झालं की आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे आणि मृगाचं उन्हाळ्याच्या तोंडावर. व्यापारी उभा बगीचा बघतो, ठोक्यानं भाव ठरतो, बयाणा मिळतो आणि बाकी रक्कम तोड होईल तशी. मध्ये गारपीट झाली किंवा नागपूरच्या कळमना बाजारात भाव पडला, की ठरलेली रक्कम पुन्हा घासाघिशीला येते. अशा घरानं दशमांश कशावर काढायचा? बयाण्यावर? आणि पहिली पाच वर्षं नुसता खर्चच असेल तर त्या घराला अर्पणाच्या वेळी मान खाली घालावी लागणार का? नोकरदाराच्या मोजपट्टीनं शेतकऱ्याचा विश्वास मोजला गेला की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे: माणूस उपासनेला यायचाच थांबतो. याउलट बगीच्याचे दोन-तीन लाख एकदम हाती आले की त्या महिन्यात मोटारसायकल येते, लग्न जोरात होतं, आणि जूनमध्ये बियाण्यासाठी पुन्हा उधारी. एकरकमी येणारा पैसा बारा महिने पुरवायचा हे पगारदाराला कधी शिकावंच लागत नाही. इथं मात्र कारभाराची खरी कसोटी तीच आहे.

खरं तर बायबल या बाबतीत आपल्याला परकं नाही. त्यातले पैशाचे नियम बहुतेक शेताच्या बांधावरचे आहेत. लेवीयाच्या पुस्तकात देव सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती त्याची आहे आणि तुम्ही तिच्यावर उपरे, त्याच्या आश्रयाला आलेले. पीक कापताना कोपऱ्यापर्यंत कापायचं नाही, खाली पडलेला सरवा उचलायचा नाही. तो गरिबाचा आणि परदेशीयाचा. रूथ ज्या सरव्यावर जगली तो बवाजाची दया नव्हता, तिचा हक्क होता. दिवसाच्या मजुरीचे पैसे रात्रभर स्वतःजवळ ठेवायचे नाहीत. नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय तर आपल्या तहसिलीत घडल्यासारखा आहे: लोकांनी धान्यासाठी आणि सरकारी सारा भरण्यासाठी शेतं, द्राक्षमळे आणि घरं गहाण टाकलेली, मुलं दास झालेली, आणि व्याज घेणारे त्यांचेच भाऊबंद. नहेम्या उपदेश करून थांबत नाही. सभा भरवतो, शेतं आणि व्याज परत करायला लावतो आणि याजकांसमोर शपथ घ्यायला लावतो. पुढे प्रभू येशूनंही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश चोख देणाऱ्यांना विचारलं की न्याय, दया आणि विश्वासूपणा कुठे गेला. दशमांश सोडून द्या असं तो म्हणाला नाही. पण ज्याच्या जिऱ्याचा हिशोब चोख आणि सालदाराचा हिशोब पाडव्याला अर्धा बाकी, त्याच्या दशमांशाला तो भुलला नाही.

आता आपल्या मंडळ्यांच्या पैशाबद्दल थोडं. नागपूरचं स्कॉटिश मिशन उभं राहिलं ते कामठीच्या छावणीतल्या, मद्रास फौजेतल्या हिल नावाच्या अधिकाऱ्याच्या देणगीतून. त्या देणगीच्या आधारानं स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, शाळा काढली, या भागातल्या लोकांचा आणि खडकांचा अभ्यास केला आणि १८६३ साली टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावानं आहे. छिंदवाड्यात पुढे स्वीडिश मिशनरी आले आणि त्यांच्या कामातून आजची मध्य प्रदेशातली इव्हँजेलिकल लुथरन मंडळी उभी राहिली. त्यांचा पैसा कुठून येत होता हे आपल्या लोकांना फारसं कुणी सांगितलेलं नाही. स्वीडनच्या खेड्यापाड्यांत बायका एकत्र बसून शिवणकाम, विणकाम करत. मोजे, हातमोजे, चादरी तयार होत. त्यांचा लिलाव होई आणि जमा झालेले पैसे मिशनला जात. म्हणजे ज्याला आपण परदेशी पैसा म्हणत आलो, तो बराचसा गरीब शेतकरणींच्या हातचा पैसा होता, आणि त्या काळचा स्वीडन काही श्रीमंत देश नव्हता. तिथली माणसं पोट भरायला अमेरिकेला जात होती.

हे ठाऊक नसल्यामुळे एक वाईट सवय लागली. पैसा वरून येतो, बंगला साहेबाचा, शाळा साहेबाची, छप्पर गळलं तर साहेबाला कळवायचं. देणारा दिसला नाही की घेणाऱ्याला हिशोबाची लाज राहत नाही. १९०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूर इथं नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, ती या सवयीविरुद्धच: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. तिच्या संस्थापकांतले व्ही. एस. अझरय्या पुढे दोर्नकलचे बिशप झाले, आणि त्यांनी अगदी दरिद्री खेड्यांतल्या मंडळ्यांना द्यायला शिकवलं. ख्रिस्ती दानावर त्यांचं छोटं पुस्तक आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, सहा मंडळ्या एक झाल्या, आणि जमिनी, बंगले, शाळा, दवाखाने यांचा कारभार आपल्या लोकांच्या हाती आला. त्यानंतरच्या वर्षांत देशभर मंडळ्यांच्या मालमत्तेवरून किती दावे चालले हे वाचकांना माहीत आहे. मिशन गेलं, त्याची मोक्याची जमीन राहिली, आणि ती विकायचा मोह ज्यांना आवरला नाही त्यांतले कित्येक दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारे होते. हे लिहिताना मला फार दुःख होतं. कुठल्या तरी विधवेनं हिवाळ्याच्या रात्री विणलेल्या मोज्यांचा पैसा त्या जमिनीत आहे.

या अंधारात दोन माणसांकडे पाहावं असं मला वाटतं. पुस्तकात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत, तरी इथं थोडं लिहितो.

पहिल्या पंडिता रमाबाई. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. ते पुढे पुण्याला गेलं. खर्च चालत होता तो अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर, आणि त्या असोसिएशननं शब्द दिला होता दहा वर्षांचा. आपल्या बहुतेक संस्था अशा वेळी नवव्या वर्षी जाग्या होतात आणि परदेशी पत्रं लिहू लागतात. रमाबाईंनी मुदत संपायच्या आधीच केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि तिथं संत्री, लिंबं, आंबे लावले. मदत थांबली तरी शाळेला स्वतःचं उत्पन्न असावं, हा हेतू. लोधीखेड्याच्या माणसाला यातला धीर चटकन समजेल. संत्र्याचं झाड लावणारा आज देतो आणि पाच वर्षांनी घेतो. रमाबाईंनी तो हिशोब आधीच मांडला होता.

पण गोष्ट इथं संपत नाही. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालांतच गेले होते, भुकेनं माणसाचं काय होतं ते त्यांनी तरुणपणी भोगलं होतं. त्या मध्य प्रांतात आल्या, म्हणजे आपल्याच प्रांतात, आणि उपासमारीत सापडलेल्या, वाईट लोकांच्या हाती पडायच्या बेतात असलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन गेल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. इतक्या मुली तिथं ठेवता येईनात. मग उत्पन्नासाठी घेतलेल्या केडगावच्या त्याच जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदन सुरू झालं. उद्यासाठी राखलेली ठेव आज दारात आलेल्या माणसांसाठी उघडायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक विश्वस्ताला कधी ना कधी पडतो. रमाबाईंनी ठेव उघडली, पण उधळली नाही. मुलींना विणकाम, शेती, दूधदुभतं, छपाई शिकवली. बायबलाचं भाषांतर त्यांनी स्वतः केलं आणि ते तिथल्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी जुळवलं गेलं. कामाची माहिती इंग्रजी पत्रिकेतून देणाऱ्यांपर्यंत जात राहिली. दूरदृष्टी आणि दया यांत एकीला निवडावं लागतं असं आपण धरून चालतो. केडगावात दोन्ही एकाच शंभर एकरांवर राहिल्या.

दुसरे जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडचं ख्रिस्ती घराणं, लंडनमध्ये हिशोबनिसाचं शिक्षण, मुंबईत ऑडिटचा चांगला चाललेला व्यवसाय, मग अमेरिकेत अर्थशास्त्र. १९२९ साली त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि आयुष्याची दिशा बदलली. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे ते सूत्रधार झाले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले. १९३८-३९ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारनं नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. छिंदवाडा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. येशूची शिकवण आणि अर्थव्यवहार यांवर त्यांनी तुरुंगात असताना लिहिलं आणि गांधीजींनी त्या पुस्तकाला प्रस्तावना दिली.

बिहारचा भूकंप झाला तो १९३४ च्या जानेवारीत. मदतनिधीत देशभरातून पैसा आला आणि हिशोब पाहायला कुमारप्पांना बोलावलं गेलं. तिथली एक आठवण सांगितली जाते. कार्यकर्त्यांच्या रोजच्या जेवणखर्चाला त्यांनी काही आणे ठरवून दिले होते. गांधीजी आपल्या सोबत्यांसह आले, तेव्हा कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना कळवलं की या मंडळींचा खर्च निधीतून होणार नाही. तो पैसा भूकंपग्रस्तांसाठी आला आहे. ज्यांच्या शब्दावर लोकांनी पैसे दिले असतील त्यांनाही नियम तोच. गांधीजींनी ते मानलं. गांधीजी ज्याला विश्वस्तवृत्ती म्हणत, ती कुमारप्पांनी चर्चच्या बाकावर शिकलेली होती आणि खतावणीत उतरवलेली होती. आपल्या मंडळीत बिशप आले, बाहेरचे वक्ते आले की गाडीभाड्याची आणि जेवणाची पावती मागायला खजिनदार बिचकतो. त्याला हे प्रकरण आधार देईल.

हे कुमारप्पांच्या हट्टी स्वभावामुळे झालं असं कुणी म्हणेल, तर त्यानं करिंथकरांस दुसरं पत्र उघडावं. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलानं मोठी वर्गणी जमवली होती. ती तो एकटा घेऊन निघाला नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं त्यानं बरोबर घेतली, आणि कारणही लिहून ठेवलं: एवढ्या रकमेबाबत कुणी बोट दाखवू नये, आणि व्यवहार देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही नीट असावा. प्रेषिताला साक्षीदार लागले. मग आपल्या मंडळीच्या पंचांना दोन सह्यांचा धनादेश, वर्षाचा तपासलेला हिशोब आणि नोंदणी कार्यालयाकडे वेळेवर पाठवलेला अहवाल अपमानाचा का वाटावा? महाराष्ट्रात यासाठी १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आणि धर्मादाय आयुक्त आहेत. मध्य प्रदेशात १९५१ चा कायदा आहे आणि निबंधकाचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. सीमेवरच्या मंडळ्यांची शाळा एका राज्यात आणि विश्वस्त दुसऱ्या राज्यात असं होतं, म्हणून दोन्हींची माहिती पुस्तकात दिली आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दल लिहिताना मन भरून येतं आणि थोडं अडतंही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांनी काय काय गमावलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते मोकळे झाले आणि ‘देवाचा दरबार’ या आपल्या नव्या चळवळीच्या मागे लागले. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. कुणाची नड दिसली की ते देऊन मोकळे. त्यांचं हे देणं खरं होतं, त्यात दिखावा नव्हता. पण संसार ओढला लक्ष्मीबाईंनी, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की नवऱ्याच्या प्रत्येक उदारपणाची बाकी बायकोच्या खात्यावर निघत होती. मी टिळकांपुढे नतमस्तक आहे, तरी या एका बाबतीत मी लक्ष्मीबाईंच्या बाजूचा आहे. घरच्या माणसांना न विचारता दिलेलं दान त्यांच्याही ताटातून जातं. देण्याचा आणि ठेवण्याचा निर्णय नवरा-बायकोनं एकत्र घ्यावा यावर पुस्तकात पुन्हा पुन्हा भर आहे, त्याचं कारण हे.

शिवाय बायकांच्या हातून जे देणं होतं, त्याची ताकद फार मोठी आहे. मिझोरममध्ये १९१० पासून ख्रिस्ती घरांतल्या बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांची मोठमोठी कामं चालतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड उभा केला तो याच जातीचा. रोख पैसा वर्षातून दोनदा येणाऱ्या घराला हे देणं जमतं, कारण चूल तर रोज पेटते.

कर्जाचं प्रकरण पुस्तकात सगळ्यांत मोठं आहे. ख्रिस्ती माणसानं कर्ज घेऊ नये असा उपदेश सोपा आहे. जूनमध्ये पाऊस पडल्यावर कपाशीचं बियाणं आणि खत कशानं आणायचं ते मात्र तो सांगत नाही. जर्मनीतल्या फ्रीड्रिश विल्हेल्म रायफायझन या गावप्रमुखानं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं हाताळला. १८४६-४७ च्या उपासमारीत त्यानं आधी उधारीवर भाकरी-पिठाची सोय केली, आणि पुढे १८६४ मध्ये शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. गावकरी एकमेकांना जामीन, सगळ्यांची जबाबदारी अमर्याद, आणि कर्ज फक्त उपयोगी कामाला. तो हे सगळं शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेतून करत होता, आणि तसं उघड बोलत असे. हिंदुस्थान सरकारनं १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा केला, तेव्हा खेड्यांसाठी रायफायझनचाच नमुना घेतला. छोटानागपुरात फादर हॉफमन यांनी १९०९ साली कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली, धान्याची कोठारं चालवली आणि आदिवासींच्या जमिनी सावकाराच्या घशात जायच्या थांबवल्या. वसईत १९१८ साली मोन्सेन्योर मोनीस यांच्या पुढाकारानं सुरू झालेली पतसंस्था आज बसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. केळी-भाजीपाल्याच्या शेतकऱ्यांनी ती उभी केली. ही सगळी कामं उपासनेतून निघाली आणि खतावणीत उतरली. आज आपल्या गावांत मायक्रोफायनान्सचे गट दर आठवड्याला हप्ता गोळा करतात. एका गटाचं फेडायला दुसऱ्याचं घेणाऱ्या बहिणी प्रत्येक मंडळीत आहेत, आणि त्या हे पाळकाला सांगत नाहीत. दहा ख्रिस्ती घरांनी आपल्या शेजारच्या दहा घरांसह, धर्म न विचारता, एक नीट चालवलेला बचत गट काढला तर ते नहेम्याच्या सभेच्या जवळ जाईल.

वारशाबद्दल थोडक्यात, पण ठासून. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबांना सर्वसाधारणपणे १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना, मुलगा-मुलगी सारखं. १९८६ साली मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या ख्रिस्ती बायकांना हाच हक्क मिळवून दिला. आपल्याकडे कायदा होताच, तरी बापाच्या तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या आत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, आणि सह्या घेणारे भाऊ त्याच आठवड्यात बापाच्या स्मरणार्थ मंडळीला पंखा देतात. जक्कय चुंगीवाल्यानं अर्धी संपत्ती गरिबांना द्यायचं कबूल केलं, आणि त्याच दमात फसवलेल्यांना चौपट परत करायचंही. पंच असतील त्यांनी असा पंखा स्वीकारण्याआधी बहिणीची विचारपूस करावी.

आणखी एका गोष्टीबद्दल गप्प राहणं मला शक्य नाही. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून आणि मोठ्या सभांतून असा उपदेश पसरला आहे की देवाला द्या, तो शंभरपट परत करील. बी पेरा, चमत्कार घ्या. रोग गेला नाही तर तुमचं अर्पण कमी पडलं. पडद्यावर क्यूआर कोड असतो. बगीचा वाळलेला शेतकरी, मुलाच्या ऑपरेशनसाठी धावणारी आई अशा वेळी शेवटचे दोन हजार पाठवून देतात. मलाखीच्या पुस्तकातलं कोठाराचं वचन यासाठी वापरलं जातं, पण त्या कोठारातलं धान्य लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी होतं. उपदेशकाच्या गाडीसाठी नव्हतं. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला येशूनं वाखाणलं, तो त्याच्या आधी काय म्हणाला तेही वाचावं: विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा. माझा कारभार नीट असला तरी गारा पडतील, डिंक्या रोग झाडाला लागेल. कारभारी विश्वासू असल्याचं बक्षीस म्हणून देव भाव वाढवून देत नाही, आणि तसं सांगणाऱ्याला पैसा देणं म्हणजे धन्याचा पैसा चुकीच्या हाती सोपवणं आहे.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरं पान आहे. त्यावर बायबलातली वचनं उतरवू नयेत. घरातले आकडे लिहावेत. आंबियाचे किती आले, कुणाचे किती द्यायचे आहेत, कोणाच्या मजुरीचे राहिले, कोणतं कर्ज कशासाठी घेतलं. हे पान नवरा, बायको आणि दहावीच्या पुढची मुलं यांनी एकत्र भरावं. मंडळीत गट करून वाचत असाल तर आकडे दुसऱ्याला दाखवायची सक्ती करू नका. पण मंडळीचे आकडे, म्हणजे अर्पण, खर्च, शिल्लक आणि मालमत्ता, त्या गटासमोर उघडे ठेवा, नाहीतर घरच्यांनी तरी आपले का लिहावेत? प्रकरणांचा क्रम बदलला तरी चालेल. दशमांशाचं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. कर्जाचं मात्र मे महिन्यात वाचून व्हावं, कारण मृगाचा पाऊस पडला की कृषी केंद्रावर उधारीची वही उघडते आणि मग कुणाला वाचायला वेळ नसतो. मजुरीचं प्रकरण पाडव्याच्या आधी वाचावं, सालदाराचा करार ठरतो त्याच्या आधी; आणि शक्य असेल तर ते सालदाराच्या घरीही वाचायला द्यावं, त्यात त्याचे हक्क लिहिले आहेत.